ओल्या फडक्याच्या हुद्दारबाई

हुद्दारबाई वर्गाच्या दारापर्यंत आल्या तरी लगेच आत यायच्या नाहीत. उंबऱ्याबाहेर थांबून चपला काढायच्या, खांद्यावरच्या पिशवीतनं एक ओलं फडकं काढायच्या आणि चपलांचे तळवे पुसायच्या. ते फडकं झाकणाच्या डब्यात जायचं. मग दुसरं ओलं फडकं निघायचं, त्यानं टेबल. मग तिसरं, त्यानं खुर्ची. तोवर आम्ही रंगकामावरचे सुपरवायझर लोक बाकांवर गप्प बसून आपापले पाय हळूच आत ओढून घ्यायचो. कारण चौथं फडकं निघालं तर ते कुणाच्या अंगावर येईल याचा नेम नसायचा.

बेळगावच्या एका कॉलेजात बाईंनी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांच्या बरोबरीच्या बायका भजनी मंडळात गेल्या. बाई शिशाच्या मागं लागल्या. जुन्या घरांच्या दारा-खिडक्यांना जो ऑईल पेंट असतो, त्यात शिसं असतं. तो कोरडाच घासला की त्याची पिठासारखी धूळ उडते, ती घरभर बसते, आणि घरात रांगणारं पोर असलं की ती हातावरून त्याच्या तोंडात जाते. हे लोकांना सांगायचं म्हणून एका संस्थेनं आमच्या भागात वर्ग सुरू केले होते. सर्टिफिकेट सरकारी नव्हतं, पण शाळांची, दवाखान्यांची कामं त्याच्याशिवाय मिळत नव्हती. म्हणून आम्ही जात होतो. एकदा शिकून भागायचं नाही. ठराविक वर्षांनी पुन्हा उजळणी वर्गाला बसावं लागायचं, नाहीतर सर्टिफिकेट बाद. मी बेळगावजवळच्या मच्छे गावचा, शेतकऱ्याच्या घरातला. बेळगावच्या एका ठेकेदाराकडं सुपरवायझर होतो. शाळा सुटल्यावर पाढे सुटले असं वाटलं होतं, तर ही उजळणी नशिबी आली.

माझ्या शेजारी बसायचे नारायणअण्णा. खानापूरकडचे, आमच्यात सगळ्यांत जुने सुपरवायझर. पहिल्याच उजळणीला त्यांनी उभं राहून विचारलं, "मॅडम, एकदा शिकून झालंय की. परत कशाला? शिसं काय बदललंय?"

"शिसं आहे तसंच आहे अण्णा," बाई म्हणाल्या. "तुम्ही बदलला का, ते बघायला बोलावलंय."

"मी लई वर्सं कोरडंच घासलोय. मला काय झालंय? काय बी न्हाय."

"बसा. दोन प्रश्न विचारते. विसरायला होतं का?"

"न्हाय."

"उगाच चिडचिड होते का?"

"कोण म्हणतंय?" अण्णा बाकावर हात आपटून ओरडले. "कुणी सांगितलं तुमाला? त्या बसूनं सांगितलं असंल! कुठं हाय तो?"

अण्णांच्या जोडीनं काम करणारा बसू मागच्या बाकाआड लपला आणि सगळा वर्ग हसून आडवा झाला. अण्णांना आपण काय बोललो ते जरा उशिरा कळलं. ते खाली बसले आणि उरलेला तासभर छताकडं बघत राहिले. बाई मात्र हसल्या नव्हत्या. त्यांनी पुढच्या महिन्यात अण्णांना स्वतः दवाखान्यात नेऊन रक्त तपासून घेतलं. रक्तात शिसं निघायचं ते निघालंच. तेव्हापासून अण्णा वर्गात पुढच्या बाकावर बसायला लागले.

वर्ग भरायचा वडगावात, रंगाच्या एका डीलरच्या गोदामावरच्या खोलीत. आजूबाजूला घराघरांत यंत्रमाग. दिवसभर खडखड, खडखड. बाईंचा आवाज मुळातच मोठा, त्यात मागांशी स्पर्धा. एकदा त्या गरोदर बायकांबद्दल सांगत होत्या आणि अगदी कळस गाठून ओरडल्या, "लक्षात ठेवा, नवऱ्याच्या कपड्यांतनं ते बायकोपर्यंत पोचतं आणि बायकोकडनं पोटातल्या पोरापर्यंत!" नेमकी त्याच क्षणी लाईट गेली. सगळे माग एकदम थांबले आणि ते वाक्य सगळ्या गल्लीत घुमलं. खाली रस्त्यावरच्या दोन सायकली जागीच थांबल्या. थोड्या वेळानं चार-पाच बायका जिना चढून वर आल्या. त्यातली एक पदर सावरत म्हणाली, "बाई, कुणाच्या नवऱ्याचं चाललंय हे?"

बाईंनी त्यांना बसवून घेतलं. "बर्री, कुंद्री," या, बसा, म्हणत कानडीत, मराठीत सगळं समजावलं. त्या दिवशी आमच्या वाटणीचं उप्पीट त्यांना गेलं.

चहाची सुट्टी हा आमचा आवडता विषय होता. पण भंडाऱ्याच्या दिवसापासनं तिच्यावरही आमचा भरवसा राहिला नाही. त्या दिवशी सकाळी बाईंनी आम्हाला एक जुनी खिडकी घासायला दिली. घासून झालं, आम्ही हात झटकले, पँटला पुसले, चहाला गेलो. बिस्किटं खाल्ली, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकले, कुणी घरी फोन केला, कुणी मिशीवरनं हात फिरवला. परत येऊन बसलो तर बाई म्हणाल्या, "आता एकमेकांकडं बघा."

खिडकीच्या फटींत बाईंनी आधीच भंडारा, देवीला उधळतात ती हळद, भरून ठेवला होता. घासायच्या नादात कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. आता सगळीकडं पिवळं. कानावर पिवळं, बिस्किटाच्या पुड्यावर पिवळं, फोनवर पिवळं. बसूची तर अख्खी मिशी पिवळी झाली होती, जणू सौंदत्तीच्या देवीच्या डोंगरावरनं आत्ताच उतरला.

"हे हळदीचं आहे म्हणून दिसतंय," बाई म्हणाल्या. "शिसं असंच फिरतं. फक्त दिसत नाही."

बसू तसाच घरी गेला. त्याची बायको दारातच म्हणाली, "कामाला जातो म्हणून गेलायसा, आन् जत्रा करून आलायसा व्हय?"

बाईंची बोलण्याची एक तऱ्हा होती. उपदेश असा त्या करत नसत. आमच्या भागात निपाणीची तंबाखू म्हणजे हातातली रेषच. कामावरचा प्रत्येक गडी हातावर तंबाखू मळणारा. आम्हाला वाटलं, ही शिकलेली बाई आता व्यसनावर बोलणार. त्यांनी तंबाखूला नावसुद्धा ठेवलं नाही. म्हणाल्या, "तंबाखू हा डॉक्टरांचा विषय. माझा विषय हात. आधी साबणानं हात धू, मग काय खाऊन मरायचं ते मर." हे वाक्य आमच्या साईटवर इतकं चाललं की जेवणाची सुट्टी झाली की कुणीतरी ओरडायचं, "चला रं, हात धुवून मरायला!"

एकदा त्यांनी सांगितलं की पूर्वीचा शेंदूर म्हणजे शिशाचंच चूर्ण. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. शेवटी मागच्या बाकावरनं एकानं भीतभीत विचारलं, "मग मॅडम, मारुतीचं कसं?"

"मारुती ब्रह्मचारी," बाई म्हणाल्या. "त्याच्या घरात रांगणारं पोर नाही. त्याला चालतो."

त्यांचे यजमान हुद्दार वकील त्यांना स्कूटरवरून सोडायला यायचे. उंच, बारीक, बोलायला कमी. वर्ग सुटेपर्यंत खाली रंगाच्या डब्यावर बसून पेपर वाचायचे. मी एकदा विचारलं, "साहेब, घरीबी असंच असतं का हो?" त्यांनी पेपर खाली न घेता सांगितलं, "आमच्या घरात यायचं तर धुळीला आधी अर्ज करावा लागतो. मीच त्याची सुनावणी बघत असतो. अजून एकही मंजूर झालेला नाही."

पण बाई खऱ्या कोण होत्या, ते मला कळलं निपाणीला.

निपाणीत एका तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या घराचं काम आमच्या ठेकेदारानं घेतलं होतं. त्यांना सगळे आप्पासाहेब म्हणत. दुमजली, भक्कम घर, दारं-खिडक्या जुन्या सागवानी, त्यांच्यावर हिरव्या आणि आकाशी ऑईल पेंटचे थरावर थर. थोरल्या मुलाचं लग्न तोंडावर आलेलं. आप्पासाहेबांना सगळा जुना रंग काढून घर नवं करून हवं होतं, तेही घाईनं. बाईंच्या उजळणीचा एक दिवस प्रत्यक्ष साईटवर असायचा. त्या वेळी ती साईट म्हणजे हे घर ठरलं. बाई, मी आणि नारायणअण्णा सकाळी तिथं पोचलो.

बाईंनी पिशवीतनं कापसाची काडी काढली, तिच्यावर औषधाचे थेंब टाकले आणि दाराचा एक कोपरा खरवडून तिथं घासली. काडी लालभडक झाली. दुसऱ्या दाराला, लाल. खिडकीला, लाल. जिन्याच्या कठड्याला लावली तर लावायच्या आधीच लाल झाली की काय असं वाटलं.

"आप्पासाहेब, शिसं आहे," बाई म्हणाल्या.

"काय तरी काय मॅडम. हे दार आमच्या आज्जानं रंगवून घेतलंय. लई चांगला रंग. अजून टवका न्हाय उडाला."

"म्हणून तर आहे. चांगल्या रंगातच घालायचे."

"बरं, असू दे. परशराम," आप्पासाहेब माझ्याकडं वळले, "मशीन लाव. संध्याकाळपर्यंत खालचा मजला मोकळा पायजे मला."

मशीन म्हणजे घासायचं ग्राइंडर. ते कोरड्या रंगावर लावलं तर घरभर पिठाचा लोट उठणार. बाईंच्या वर्गात ते पहिल्याच दिवशी हद्दपार झालेलं. मी ठेकेदाराला फोन लावला. तो म्हणाला, "गिऱ्हाईक मोठं हाय. मालक सांगतोय तसं कर." मी फोन खिशात ठेवला आणि नारायणअण्णांकडं बघितलं. अण्णा दाराकडं बघत होते.

तेवढ्यात आतनं एक मुलगी पाणी घेऊन आली. आप्पासाहेबांची लेक, सुजाता. बाळंतपणाला माहेरी आलेली. दिवस भरत आले होते, एका हातानं कमर धरून चालत होती. तिच्या मागून तिची आई, आक्का, "तू कशाला उठलीस गं?" म्हणत आली.

बाईंनी पाण्याचा पेला घेतला. मुलीकडं बघितलं. दाराकडं बघितलं. मग पेला खाली ठेवला, ओसरीवरची एक लाकडी खुर्ची ओढली, ती मधल्या दाराच्या बरोबर चौकटीत ठेवली आणि तिच्यावर बसल्या.

"मॅडम, तिथं मशीन लावायचीय," आप्पासाहेब म्हणाले.

"हो हो. लावा की. मी जरा दमले. वय झालंय. घटकाभर बसते."

आता वयानं मोठी, बेळगावहून आलेली बाईमाणूस. तिला उठ कसं म्हणायचं? आप्पासाहेब दोन येरझाऱ्या घालून आले. बाई बसलेल्याच. रिवाज म्हणून त्यांनी चहा सांगितला. बाईंनी चहा घेतला, बशीत ओतून, फुंकर मारत, इतका सावकाश की तेवढ्या वेळात मी एक दार घासून टाकलं असतं.

"झालं का मॅडम?"

"चहा छान आहे. आलं घातलंय ना? आक्का, आलं घरचं का?"

चहा झाला, मग पान झालं. मग बाई म्हणाल्या, "बारा वाजायला आले. पाहुण्याला जेवल्याशिवाय पाठवायची पद्धत तुमच्यात नसेलच." आप्पासाहेबांचा चेहरा त्या लाल काडीसारखा झाला. आम्ही ओसरीवर मान खाली घालून बसलो होतो. हसलो असतो तर काम गेलं असतं.

बाई जेवायलासुद्धा उठल्या नाहीत. ताट दारातच मागवलं. आक्का वाढायला आली आणि वाढता वाढता तिथंच जमिनीवर बसली. आवाज बारीक करून तिनं विचारलं, "बाई, खरंच लागतंय का हो पोराला?"

त्यावर बाईंचा आवाज बदलला. वर्गातली गंमत, वरचढपणा, काही उरलं नाही.

"लागतं, आक्का. दिसत नाही, म्हणून कुणाचा विश्वास बसत नाही. ताप येत नाही. अंगावर काही उठत नाही. पोर चांगलं गुटगुटीत दिसतं. शाळेत घातलं की मग कळतं. एका जागी बसत नाही, सांगितलेलं डोक्यात राहत नाही. आपण म्हणतो द्वाड आहे. बडवतो त्याला. आणि त्या बिचाऱ्याचा काय दोष? दोष या दाराचा असतो." त्यांनी पाठीमागच्या चौकटीवर बोट टेकवलं. "मी कॉलेजात इतकी वर्षं शिकवलं. जी मुलं मागं पडली त्यांना मी मठ्ठ म्हटलं. आता कधीकधी वाटतं, त्यांच्या घराची दारं एकदा बघायला हवी होती."

आक्का उठली. ताट तसंच राहिलं. आत जाऊन तिनं हाक मारली, "सुजे, पिशवी भर. मामाकडं जायचंय. आत्ता!"

आप्पासाहेब आत धावले. आतनं आवाज यायला लागले. "मुहूर्त," "पाव्हणे," "लोक काय म्हणतील," असं त्यांचं. आणि आक्काचं एकच, "घासा तुमची दारं. माझी पोर हितं ऱ्हाणार न्हाय." सुजाताचा मामा कागलला. निपाणी कर्नाटकात, कागल महाराष्ट्रात. सीमेचा प्रश्न आमच्या आज्ज्यापासनं चाललाय, कोर्ट झालं, मोर्चे झाले, पण आक्कानं घटकाभरात आपली पोर महाराष्ट्रात सामील करून टाकली. गाडीत बसताना ती नवऱ्याला म्हणाली, "आन् मी बी जाणार. पोरीला कोण बघणार?"

"मग मला जेवायला कोण घालणार?" आप्पासाहेब ओरडले.

"आज्जानं रंगवलेलं दार हाय की," म्हणाली आणि काच वर केली.

गाडी वळणाआड गेल्यावर बाई खुर्चीवरून उठल्या. "परशराम," त्या म्हणाल्या, "प्लॅस्टिक बांधून खोल्या बंद करा. फवारा भरा. आता सुरू."

पुढं घडलं ते आणखी मजेचं. चार दिवस हॉटेलातलं खाल्ल्यावर आप्पासाहेब बदलले. ज्या गोष्टीसाठी बायको गेली ती निदान नीट तरी व्हावी, असं त्यांनी मनावर घेतलं. आणि व्यापारी माणूस एकदा मनावर घेतो म्हणजे काय! ते दिवसभर अंगणात खुर्ची टाकून बसायला लागले. न्हाव्याकडं असतो तसला पाण्याचा फवारा त्यांनी स्वतः विकत आणला. कुणी गडी कोरड्या दाराला हात लावताना दिसला की लांबनंच ओरडायचे, "ए! ओलं केलंस काय? दाखव बघू!" एकदा नारायणअण्णा तंबाखू मळायला लागले तर आप्पासाहेब साबण घेऊन आले. तंबाखूचा व्यापारी गिऱ्हाइकाच्या हातावर साबण ठेवतोय, हे निपाणीच्या इतिहासात तेव्हाच झालं असेल.

काम लांबलं. लग्नाच्या दिवशीसुद्धा मागचं एक दार पुरतं वाळलं नव्हतं. नवरीचे काका पांढरीशुभ्र सफारी घालून त्याला टेकले आणि पाठीवर हिरवी पट्टी घेऊन दिवसभर मिरवले. बाईंना आग्रहाचं आमंत्रण होतं. त्यांनी ती पट्टी बघितली आणि काकांना धीर दिला, "घाबरू नका. नवीन रंग आहे. त्यात शिसं नाही." काकांना काही कळलं नाही. आक्का मात्र मांडवात पोट धरून हसली. तिच्या मांडीवर सुजाताची लेक झोपली होती.

ठेकेदारानं आठवडाभर माझं तोंड बघितलं नाही. मग त्याच आप्पासाहेबांनी त्यांच्या तीन पाव्हण्यांची कामं आम्हाला दिली, तेव्हा त्यानंच आपणहून चहा पाजला.

असं असलं तरी बाई नियमाला फार सरळ होत्या असं कुणी समजू नये. नियम दुसऱ्यांना लावणं वेगळं. टिळकवाडीतल्या त्यांच्या स्वतःच्या घराचं काम निघालं तेव्हा ते आम्ही बघितलं. त्यांनी मुद्दाम नारायणअण्णांना सुपरवायझर म्हणून मागून घेतलं. अण्णांनी पुढची खोली प्लॅस्टिकनं बांधून बंद केली, दारावर लाल पट्टी लावली आणि काम सुरू केलं. थोड्या वेळानं बाई पट्टीपाशी आल्या.

"अण्णा, चहा ठेवू का?"

"भाईर घेतो मॅडम."

"बरं. माझा चष्मा आत राहिलाय टेबलावर. पटकन घेते."

"थांबा."

"अहो, दोन पावलं."

"मॅडम, भाईर."

"अण्णा, माझं घर आहे हे!"

"घर तुमचं," अण्णा म्हणाले, "धूळ माझी. काम संपल्यावर पुसून, धुवून देतो."

बाई संतापल्या. पाय आपटत आत गेल्या. मागच्या दारानं येऊन बघितलं, तिथं बसू उभा. खिडकीतनं हात घालायचा प्रयत्न केला, खिडकीला प्लॅस्टिक. दिवसभर चष्म्याशिवाय राहिल्या. आमटीत मिठाच्या जागी साखर गेली. वकीलसाहेबांनी पेपर वाचून दाखवला, पण त्यात ते स्वतःच्या बातम्या घालत होते. "टिळकवाडीत निवृत्त प्राध्यापिकेस स्वतःच्याच घरात प्रवेशबंदी," असं त्यांनी अगदी गंभीर आवाजात वाचलं, तेव्हा बाईंनी पेपर ओढून घेतला आणि उलटा धरून त्यात ती बातमी शोधायला लागल्या.

संध्याकाळी अण्णांनी चष्मा धुवून, पुसून, ओल्या फडक्यावर ठेवून आणून दिला. बाईंनी तो डोळ्याला लावला, अण्णांकडं रोखून बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्ही अतिशय हट्टी आणि चिडके माणूस आहात."

"व्हय," अण्णा शांतपणे म्हणाले. "शिशामुळं."

पुढच्या उजळणीला बाईंनी हा किस्सा स्वतःच सांगितला, स्वतःची नक्कल करून. खिडकीतनं हात घालतानाची सुद्धा.

मग त्यांचे गुडघे गेले. वडगावचा तो जिना चढवेना. वर्ग कुणीतरी घ्यायला हवा होता, तर बाईंनी संस्थेला माझं नाव सांगून टाकलं. मी नको नको म्हणत होतो. "मला बोलता येत न्हाय," म्हटलं. बाई म्हणाल्या, "माग चालू असतात. कुणाला ऐकू जाणार आहे?"

मी वर्ग घ्यायला लागलो. वर्षभरानं एका सकाळी जिन्यावर दमलेला श्वास ऐकू आला. वकीलसाहेबांचा हात धरून बाई वर आल्या आणि सरळ बाकावर, नारायणअण्णांच्या शेजारी बसल्या.

मी हबकलो. "मॅडम, तुम्ही? पुढं या की."

"का? उजळणीला आलेय. सांबऱ्याच्या अंगणवाडीचं रंगकाम आहे, तिथं सुपरवायझर म्हणून मी उभी राहणार. माझं सर्टिफिकेट संपलंय."

"तुम्हाला कशाला लागतंय सर्टिफिकेट?"

"नियम कुणी केला?"

"तुम्ही."

"मग शिकव."

तो दिवस मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. बाईंनी एक शब्द बोलायचा नाही असं ठरवलं असावं, कारण ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या. पण मी एखादं वाक्य अर्धवट टाकलं की त्यांची भुवई वर जायची, आणि ती खाली येईपर्यंत मी ते वाक्य तीन तऱ्हांनी पुरं करायचो. दुपारनंतर त्यांना डुलकी लागली. अण्णांनी सगळ्यांना हातानं खूण करून गप्प केलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो वर्ग कुजबुजत चालला, आणि मागांच्या आवाजात मला माझंच बोलणं ऐकू येईना.

शेवटची परीक्षा झाली. बाईंनी पुरवणी मागितली. आमच्या वर्गात पुरवणी कधी कुणी मागितली नव्हती. मग वर्गातला एक जण पळत जाऊन रंगाच्या दुकानातला कोरा कागद घेऊन आला. त्या पास झाल्या हे सांगायला नको. निघताना मला म्हणाल्या, "बरं शिकवतोस. पण तू लोकांना घाबरवतोस फार. हसले पाहिजेत रे. हसताना तोंड उघडतं, आत काहीतरी जातं."

सांबऱ्याचं काम त्यांनी पुरं केलं, असं मला नंतर कळलं. अंगणवाडीची दारं त्यांनी पिवळ्या रंगाची करून घेतली. थंडी सुरू होता होता बाई गेल्या. झोपेतच. वकीलसाहेबांचा फोन आला तेव्हा ते नेहमीसारखंच थोडं बोलले. "परशराम, घरात धूळ यायला लागलीय," म्हणाले आणि फोन ठेवला. आम्ही सगळे गेलो. नारायणअण्णा ओसरीवर भिंतीला टेकून बसले, आणि त्या दिवशी त्यांनी कुणावर आवाज चढवला नाही.

मला मात्र बाई आठवतात त्या उजळणीच्या संध्याकाळच्या. खाली गल्लीत सांबऱ्याला जायचा टेम्पो उभा होता. शिड्या, बादल्या, प्लॅस्टिकचे गुंडाळे मागं भरलेले. वकीलसाहेब म्हणत होते, उद्या जा. बाईंना आजच साईट बघायची होती. आम्ही चौघांनी मिळून त्यांना ड्रायव्हरशेजारी चढवलं. त्यांनी पदर खोचला, खिडकीत कोपर टेकलं, एखाद्या मुरलेल्या क्लीनरसारखं. टेम्पो निघाला. कोपऱ्यावर बाईंनी हात बाहेर काढून डावीकडं दाखवलं आणि ओरडल्या, "यडक्क! यडक्क तिरगस्री!" ड्रायव्हर मराठी होता, आणि मागांच्या खडखडाटात त्याला काहीच ऐकू गेलं नसावं. तो उजवीकडं वळला.

आम्ही हसत उभे राहिलो. थोड्या वेळानं टेम्पो उलटा, आचके देत, परत गल्लीत आला. खिडकीत बाई ड्रायव्हरला बोलत होत्या, तो मान हलवत होता. आमच्यासमोरनं जाताना त्यांनी आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही. हात खिडकीबाहेर तसाच, डावीकडं ताठ धरलेला. टेम्पो कोपऱ्यावर थांबला, या वेळी डावीकडं वळला, आणि भिंतीआड जाईपर्यंत तो हात दिसत राहिला.